घट्ट ओटीपोट, अडकलेला श्वास, शवासनात येणारं रडू: महिलांच्या वर्गात क्रम कसा लावावा?

प्रश्न: सुखासन_नाशिक

आठवड्यातून एकदा, सव्वा तासाचा, असा आठ आठवड्यांचा महिलांचा वर्ग आखते आहे. गटात १२ जणी, वय ३० ते ६०. वजन उतरवणं किंवा लवचिकता वाढवणं हा हेतू नाही. संथ हालचाली, श्वास, आधार घेऊन पडून राहणं आणि शरीरात काय जाणवतंय तिकडे लक्ष देणं, एवढंच. हल्ली याला सोमॅटिक सराव म्हणतात. नेहमीचा योगवर्ग घेण्यात अडचण नाही, पण इथे तीन ठिकाणी जाणकारांचं मत हवं आहे.

पहिलं, पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. जो व्हिडिओ बघावा तो किगलपासूनच, म्हणजे हे स्नायू आवळण्याच्या व्यायामापासूनच सुरू होतो. गटात काहींना शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास आहे, काहींना माकडहाडापाशी दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं, शौचाला कुंथावं लागतं. सगळ्यांना एकच व्यायाम द्यायचा का?

दुसरं, ‘पोटाने श्वास घ्या’ म्हटलं की बऱ्याच जणी पोट जोराने पुढे ढकलतात, नाहीतर खांदे उचलतात. चार-पाच मिनिटांत चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. सूचनेतच चूक आहे का?

तिसरं, शवासनात कुणाला रडू येतं, कुणाच्या मांड्या थरथरतात, कुणी डोळे उघडे ठेवून शून्यात बघत राहते. त्या मिनिटाला नेमकं काय करावं आणि काय करू नये?

सिझर झालेल्या आणि गर्भाशय काढलेल्या बायकाही गटात आहेत. कोणत्या तक्रारी वर्गात हाताळू नयेत तेही सांगा.

प्रतिसाद १: फिजिओ_कोल्हापूर

आधी किगलबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

अर्नोल्ड किगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर सैल आणि दुबळ्या झालेल्या स्नायूंसाठी. तळाचा स्नायू दुबळा असू शकतो तसा तो सतत आवळलेलाही असू शकतो, आणि वर्गात येणाऱ्या पुष्कळ जणींचा तो आवळलेला आणि दुबळा असा दोन्ही असतो. लघवी सुटते म्हणजे स्नायू सैलच, असा निष्कर्ष काढू नका. खाटेची नवार फार ताणून विणली की तिच्यात दबायला जागाच उरत नाही. तसा सतत आवळलेला स्नायू खोकल्याच्या क्षणी आणखी आवळू शकत नाही आणि लघवी सुटते. अशा बाईला दिवसाला शंभर किगल दिले तर माकडहाडाचं दुखणं वाढतं, बद्धकोष्ठ वाढतं, लघवीची घाईही वाढते.

आवळलेल्या स्नायूची लक्षणं विचारून कळतात. लघवीला बसल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते, उठल्यावर राहिल्यासारखं वाटतं. शौचाला कुंथूनही पूर्ण होत नाही. कठीण जागी बसलं की माकडहाड दुखतं. डॉक्टरांची आतली तपासणी असह्य होते. उभं असताना नितंब आवळलेले असतात आणि ते त्या बाईच्या गावीही नसतं. तोंडी विचारायला संकोच असेल तर कागदावर खुणा करायला द्या, नाव न घालता. नक्की निदान मात्र महिला आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टने आतून तपासल्यावरच होतं.

म्हणून गटासाठी नियम असा ठेवा: सोडणं सगळ्यांना शिकवा, आवळणं कुणालाच सरसकट शिकवू नका. सोडायला शिकल्याने दुबळ्या स्नायूचं काही बिघडत नाही.

हा स्नायू पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंना बैठकीच्या हाडांच्या आतपर्यंत पसरलेला असतो. श्वास आत घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि त्याबरोबर तळही किंचित खाली येतो. श्वास सोडताना दोन्ही वर जातात. दिवसभर पोट आत ओढून वावरणारीचं हे खालीवर होणं जवळजवळ थांबलेलं असतं. ते परत सुरू करणं हेच पहिल्या तीन आठवड्यांचं काम.

कुशीवर झोपवून सुरुवात करा. डोक्याखाली उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी, पोट मोकळं. उताणं झोपणं सोयीचं वाटत असेल तर पोटऱ्या खुर्चीवर किंवा खाटेवर ठेवून, गुडघे काटकोनात. पहिला एक मिनिट काहीच करायचं नाही. मग एक तळहात खालच्या बरगड्यांवर, कुशीच्या बाजूला. नाकाने ३ मोजेपर्यंत श्वास आत, ४ ते ५ मोजेपर्यंत बाहेर. हाताखाली बरगडी बाजूला सरकते का एवढंच बघायचं. ‘पोट फुगवा’ हे शब्दच वापरू नका. बरगड्या रुंदावल्या की पोट आपोआप वर येतं. असे ८ श्वास झाले की एक मिनिट नेहमीसारखा श्वास, मग पुन्हा ८. तीन फेऱ्या पुरेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. चक्कर आणि मुंग्या येतात त्या प्राणवायू कमी पडल्याने नाही. गरजेपेक्षा जास्त आणि मोठे श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठ आणि बोटं झिणझिणतात. त्या वेळी ‘खोल श्वास घ्या’ म्हणणं उलटं पडतं. श्वास लहान करायला सांगा, नाकाने, अगदी समोर धरलेली वातसुद्धा हलणार नाही इतका, आणि बसवून डोळे उघडे ठेवा. दोन-तीन मिनिटांत उतरतं. ‘मोकळं होण्यासाठी’ म्हणून तोंडाने अर्धा-पाऊण तास जोरजोरात श्वास घ्यायला लावणारी शिबिरं असतात, ती पद्धत या वर्गात आणू नका. गरोदर, फिट येणाऱ्या, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्या बाईला ती धोक्याची आहे.

श्वास बसला की दुसऱ्या आठवड्यात लक्ष तळाकडे. श्वास आत घेताना दोन बैठकीची हाडं एकमेकांपासून किंचित दूर जाताहेत आणि गुदद्वाराभोवतीचा भाग मऊ होतोय, एवढंच जाणवून घ्यायचं. श्वास सोडताना वर ओढायचं नाही, जे होतं ते होऊ द्यायचं. इथली नेहमीची चूक म्हणजे सोडण्याऐवजी शौचाला लावतात तसा जोर खाली लावणं. ओळखायची खूण: ओटीपोटावर हात ठेवला आणि तो भाग कडक झाला, किंवा श्वास अडला, की जोर लावला जातोय. दुसरी चूक जबड्याची. दात एकमेकांवर दाबलेले असले की खालीही आवळलं जातं, हे सरावात पुन्हा पुन्हा दिसतं. ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ तोंडात खाली विसावलेली. सोडताना बारीक ‘म्म’ असा गुंजारव केला तर जबडा आणि श्वास दोन्ही सोपे होतात. भ्रामरी येत असेल तर तीच, पण कान दाबून न धरता.

तिसऱ्या आठवड्यापासून बालासन: गुडघे रुंद, छातीखाली लोड उभा, डोकं एका बाजूला, २ मिनिटांनी दुसऱ्या बाजूला. टाचा आणि नितंबांच्या मध्ये पोकळी राहिली तर तिथे घडी घातलेली चादर. गुडघे दुखणारीला खुर्चीत बसवून समोरच्या टेबलावर उशी आणि उशीवर डोकं. तोच परिणाम मिळतो. आनंदबालासनात (उताणं पडून गुडघे छातीकडे घेण्याच्या आसनात) पाय पकडायला लावू नका, मांड्यांच्या मागे हात पुरेत, कंबर जमिनीवरून उचलली जाता कामा नये. उकिडवं बसणं चांगलं, पण टाचांखाली जाड घडी आणि हाताला खिडकीचे गज. ज्यांचं अंग बाहेर येतं (गर्भाशय खाली सरकतं) त्यांनी उकिडवं बसणं टाळावं. त्यांना नितंबांखाली उशी घेऊन उताणं झोपलं की भार हलका होतो.

चारेक आठवड्यांनी, ज्यांना सोडणं जमतंय आणि दुखत नाही त्यांनाच आवळणं: ३ सेकंद आवळा, ६ सेकंद सोडा, ८ वेळा. पूर्ण सुटल्याशिवाय पुढचं नाही. लघवीची धार मध्येच थांबवून सराव करायला कधीही सांगू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. शिंक-खोकल्याच्या आधी एकदा आवळणं मात्र लगेच शिकवण्यासारखं आहे.

घरी कमोड असेल तर पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवायचा आणि कोपर मांड्यांवर टेकायचे. ‘बाहेर पडतोय, जाऊन येऊ’ म्हणून गरज नसताना लघवीला जायची सवय मोडली पाहिजे. मूत्राशयाला थोड्यावर इशारा द्यायची सवय लागते ती तिथून. कपालभाती, उड्डियान बंध आणि जोराचे पोटाचे व्यायाम गरोदर, अंग बाहेर येणाऱ्या, हर्निया असलेल्या आणि पोटाची शस्त्रक्रिया अलीकडे झालेल्या बायकांना नकोत.

वर्गाबाहेर पाठवायचं काय, तर पाळी गेल्यावर झालेला कोणताही रक्तस्राव, संबंधानंतरचा रक्तस्राव, लघवीतून रक्त, नव्याने फुगून राहिलेलं पोट, ताप आणि ओटीपोटात दुखणं. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा येऊन लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असेल तर श्वासाने आजार बरा होत नाही. दुखण्याच्या भीतीने सतत आवळून धरलेला भाग सैल पडतो आणि एकूण दुखणं थोडं उतरतं, एवढंच आश्वासन द्या. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणाने दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ लावायचं औषध देतात. तिथे नुसतं ‘सैल सोडा’ सांगत राहणं अन्यायाचं आहे.

प्रतिसाद २: संवाद_पुणे

वर श्वासाचं सगळं आलंच आहे, मी तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. चिकित्सालयीन मानसशास्त्र हे माझं क्षेत्र.

सुरुवात एका वाक्यापासून. ‘आघात कंबरेत साठतो, तो आपण बाहेर काढूया.’ हे वाक्य वर्गात बोलू नका. स्नायूत आठवण साठत नाही. धोका जाणवला की मेंदू स्नायूंना आवळायला लावतो, श्वास रोखतो, आणि धोका सरल्यावरही ती सवय राहते. त्या सवयीवर शरीराच्या बाजूने काम करता येतं, म्हणून हे सराव उपयोगी पडतात. ‘साठतो’ म्हटलं की कंबर दुखणारी प्रत्येक बाई आपल्या आयुष्यात न आठवणारं काहीतरी घडलं असेल म्हणून शोधू लागते. हे फार क्रूर आहे.

उपयोग होतो याला आधार आहे. मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेत केलेल्या चाचणीत आघातानंतरचा दीर्घ त्रास असलेल्या, उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रिया होत्या. एका गटाला १० आठवडे, आठवड्यातून एक तास योग, दुसऱ्याला आरोग्यशिक्षणाचा वर्ग. शेवटी योगगटातल्या ५२ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या २१ टक्के स्त्रिया निदानाच्या निकषांबाहेर आल्या. चाचणी लहान आहे, पण तिथे योग कसा शिकवला हे आपल्या कामाचं आहे: कुणालाही हात लावून आसन सुधारायचं नाही, प्रत्येक सूचनेत निवड ठेवायची, आणि आसन बरोबर येतंय का यापेक्षा काय जाणवतंय याला महत्त्व.

त्यामुळे सूचना बदला. ‘डोळे मिटा’च्या जागी ‘मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर समोर जमिनीवर नजर ठेवा.’ ‘सगळं सैल सोडा’ ही आज्ञा बऱ्याच जणींना घाबरवते, कारण आवळून धरणं हेच त्यांचं संरक्षण होतं. त्याऐवजी ‘टाच जमिनीला कुठे टेकली आहे ते बघा.’ शवासन उताणंच हवं असं नाही. कुशीवर, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून चालतं. मध्येच उठून बसायची, बाहेर जायची परवानगी वर्गाच्या सुरुवातीलाच, दर वेळी, सगळ्यांसमोर सांगा. पुरुष सहायक, खिडकीतून डोकावणारे, फोटो हे काहीही नको.

शरीरावरून लक्ष फिरवण्याचा क्रमही महत्त्वाचा. पहिले तीन आठवडे फक्त तळहात, तळपाय, पाठीला टेकलेली जमीन. छाती, पोट, ओटीपोट आणि मांड्यांचा आतला भाग नंतर, तेही थोडं. एकूण ५ ते ७ मिनिटं. अर्धा तास मिटल्या डोळ्यांनी पडून राहणं नवख्या गटाला जड जातं. कुठे दुखरं किंवा जड वाटलं तर तिथे २०-३० सेकंद लक्ष, मग एक मिनिट जिथे बरं वाटतंय तिथे, हाताच्या बोटांत, पाठीत. शरीराच्या जाणिवांमधून आघातावर काम करण्याची पद्धत मांडणारे पीटर लेव्हिन यांच्याकडे हाच मुख्य धागा आहे: थोडं थोडं जायचं आणि परत यायचं. बांध फोडायचा नाही.

आता त्या मिनिटाबद्दल. रडू येणं आणि शून्यात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रडणारी बाई बहुधा इथेच असते, तिला ऐकू येतं, ती नजर देते. तिला रडू द्या. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवू नका, ‘काय झालं’ विचारू नका. रुमाल हातात देणं म्हणजेही ‘आवर आता’ असं सांगणं होतं. म्हणून वर्ग सुरू होण्याआधीच प्रत्येकीच्या चटईशेजारी रुमाल आणि पाण्याची बाटली असू द्या. सगळ्या गटाला उद्देशून हळू आवाजात सूचना चालू ठेवा, म्हणजे बाकी अकरा जणींचं लक्ष तिच्यावर जात नाही.

शून्यात गेलेली ओळखायची कशी? नजर हलत नाही, पापण्या क्वचित लवतात, हाक मारल्यावर उत्तर उशिरा किंवा पुटपुटत येतं, हात गार पडतात, नंतर ‘मी लांबून बघत होते’ असं सांगते. अशा वेळी श्वासाच्या सगळ्या सूचना थांबवा. दिवा लावा. तिच्या समोर, हातभर अंतरावर बसा, वरून वाकू नका. नाव घ्या, स्वतःचं नाव सांगा, आज वार कोणता, आपण कुठे आहोत ते सांगा. पाय जमिनीवर दाबायला सांगा, हातात गार पाण्याचं भांडं द्या, खोलीतल्या निळ्या वस्तू मोजायला सांगा. मान हळू फिरवून दार, खिडकी, पंखा बघायला लावा. ‘काय आठवलं?’ हा प्रश्न त्या दिवशी नाही. सावरल्यावर किमान २० मिनिटं थांबवून घ्या, गाडी चालवत एकटीला पाठवू नका. असं पुन्हा झालं तर त्या बाईला आधी एकटीने मानसोपचाराकडे पाठवावं, गटाची वेळ नंतर.

मांड्या थरथरणं बहुतेक वेळा थकलेल्या स्नायूंचं असतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन मिनिटं होऊ द्या, मग पाय लांब करून तळपाय भिंतीला दाबले की थांबतं. मुद्दाम थरथर आणण्याचे व्यायाम प्रशिक्षणाशिवाय घेऊ नका, फिट येणाऱ्या आणि गरोदर बायकांना तर नाहीच.

शेवटी गोल करून ‘कुणाला काय वाटलं सांगा’ हे टाळा. गट एकाच वस्तीतला असला तर सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सासरी पोचलेली असते. कुणी घरातल्या मारहाणीबद्दल एकटीने बोललं तर ऐकून घ्या, सल्ला देऊ नका, १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक कागदावर न लिहिता तोंडी सांगा, कारण घरात कागद सापडू शकतो. जीव नकोसा झाल्याचं बोलली तर तिला एकटी सोडू नका, टेली-मानस १४४१६ वर तिच्यासमोर फोन लावा. तातडीचा धोका असेल तर ११२.

प्रतिसाद ३: सुखासन_नाशिक

दोघींचे प्रतिसाद छापून ठेवते आहे. आधार घेऊन पडण्याची आसनं नक्की कशी मांडायची आणि सव्वा तासाचे भाग कसे पाडायचे? आणि सिझरच्या टाक्यांबद्दल, पोट बांधण्याबद्दल कुणी लिहाल का? गटातल्या दोन जणींना बाळंतपण होऊन तीन महिने झाले आहेत.

प्रतिसाद ४: लोड_आणि_पट्टा

पुण्याच्या रमामणी अय्यंगार योगसंस्थेत योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांसाठी पाळी, गर्भारपण, बाळंतपणानंतर अशा अवस्थांनुसार आधारांची मांडणी बारकाईने बसवली. ती शिस्त इथे फार उपयोगी पडते. साहित्य घरचंच: लोड, दोन जाड चादरी, दोन लहान उशा, एक ओढणी.

सुप्त बद्धकोणासनात लोड पाठीच्या रेषेत उभा, त्याचं टोक कंबरेपासून चार बोटं मागे, अगदी चिकटलेलं नाही. डोक्याखाली घडी अशी की कपाळ हनुवटीपेक्षा थोडं वर राहील. तळपाय जुळवलेले, आणि दोन्ही मांड्यांखाली गुंडाळलेल्या चादरी, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मांड्या हवेत लोंबत राहिल्या तर जांघ आवळलेलीच राहते आणि बाई म्हणते ‘मला हे आसन आवडत नाही.’ कंबर दुखली तर लोड उंच झालाय, काढून टाका आणि दोन घड्या घातलेली चादर वापरा. ५ ते ८ मिनिटं. एवढं उघडं पडून राहणं काहींना नको वाटतं. त्यांनी अंगावर चादर घ्यावी, पोटावर लहान उशी ठेवावी किंवा गुडघे जवळ घेऊन ओढणीने सैल बांधावेत. बाहेर येताना हातांनी मांड्या उचलून गुडघे मिटायचे, कुशीवर वळायचं, मग उठायचं. झटक्यात उठलं की जांघेत चमक येते.

विपरीत करणी भिंतीला पाय लावून, नितंबांखाली फक्त एक घडी. काचबिंदू, आम्लपित्त, न आटोक्यातला रक्तदाब असेल आणि पाळीत जास्त जात असेल तर त्याऐवजी पोटऱ्या खुर्चीवर.

वेळेचं असं: पहिली १० मिनिटं बसून, डोळे उघडे, खोली बघणं, मान-खांदे-मनगटं. मग १५ मिनिटं कुशीवरचा बरगड्यांचा श्वास. २० मिनिटं हालचाल: उताणं झोपून ओटीपोट पुढेमागे डुलवणं (इतकं लहान की समोरच्याला दिसूही नये), मग मार्जारासन, मग उभं राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेणं. १५ मिनिटं एकच आधाराचं आसन. दोन-तीन आसनं कोंबू नका, मांडामांड करण्यातच शांतता जाते. पुढची ७ मिनिटं हातपायांवरून लक्ष फिरवणं. उरलेली ८ मिनिटं परत येण्याची: बसणं, तळहात एकमेकांवर घासणं, उभं राहून खोलीत चालणं, चपला घालण्याआधी पाणी. वर्गाला उशीर झाला तर आसन कापा, हा शेवटचा भाग कापू नका.

ओटीपोट डुलवताना बहुतेक जणी जोर पोटातून काढतात. तळपाय जमिनीवर हलकेच दाबले की ओटीपोट आपोआप मागे वळतं, सोडले की पुढे येतं. काम पायांना करू द्या.

प्रतिसाद ५: फिजिओ_कोल्हापूर

टाक्यांबद्दल. डॉक्टरांनी सहा आठवड्यांची तपासणी केलेली हवी, जखम पूर्ण मिटलेली, खपली आणि स्राव नको. मग प्रत्येकीने स्वतःच्या हाताने, घरी. पहिला आठवडा व्रणाला हात लावायचाच नाही. कपड्यावरून तळहात ओटीपोटावर ठेवून दहा श्वास, दिवसातून एकदा. पुष्कळ जणींना त्या जागेला हात लावायला किळस किंवा भीती वाटते, मळमळतं. ते अनैसर्गिक नाही, घाई करू नये. दुसऱ्या आठवड्यात व्रणापासून तीन बोटं दूर, खोबरेल तेलाचा थेंब घेऊन, दोन बोटांनी कातडी वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायची. बोटं कातडीवरून घसरता कामा नयेत, कातडीसकट सरकली पाहिजेत. मग हळूहळू व्रणापर्यंत. ३ ते ५ मिनिटं पुरे. ज्या दिशेला अडतं तिथे टेकून तीन श्वास थांबायचं. खेचल्यासारखं वाटणं चालेल, टोचणारं किंवा जळजळणारं दुखणं नको. व्रणाच्या वरच्या बाजूला बधिरपणा कित्येक महिने राहू शकतो. कापूस, लोकर, सुती कापड असं वेगवेगळं हलकेच फिरवलं तर जाणीव परत यायला मदत होते. व्रण लाल होऊन वर आलेला, गरम किंवा वाढत चाललेला असेल तर थांबवून डॉक्टरांना दाखवा.

पोट बांधण्याची आपल्याकडची पद्धत अगदी टाकाऊ नाही, चुकतं ते बांधण्याच्या जागेत. बरगड्यांखाली कचकचून बांधलं की दाब खाली तळावर जातो, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर तो वाढतो. पट्टा खालून, नितंबांच्या हाडांपासून सुरू करून वर नाभीच्या थोडं वरपर्यंत, वर जाताना सैल. आत तळहात सहज गेला पाहिजे, बरगड्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. काही तास, चालताना-उठताना, झोपताना काढायचा. तीन महिन्यांनंतर बांधून फारसं काही साधत नाही. उताणं झोपून डोकं उचलल्यावर नाभीपाशी दोन बोटांहून रुंद दरी लागत असेल किंवा मध्ये उंचवटा येत असेल तर बाळंतपण झालेल्या त्या दोघींना पोटाचे व्यायाम देऊ नका, आधी तपासणी.

गर्भाशय काढलेल्या बायकांना शस्त्रक्रियेनंतर किती आठवडे झाले आणि योनीमार्गे होती की पोटावरून, हे विचारा. डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत उकिडवं बसणं, वजन उचलणं, बालासन काहीच नको. कुशीवरचा श्वास मात्र त्यांनी विचारला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर लवकर सुरू करता येतो.

प्रतिसाद ६: संवाद_पुणे

घरच्या सरावाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. स्वतंत्र खोली, शांत अर्धा तास बहुतेक बायकांना मिळत नाही. तसा गृहपाठ दिला की न जमल्याचा अपराधीपणा तेवढा वाढतो. त्याऐवजी ठरलेल्या कामांना जोडा. ओट्याशी उभं असताना दर शिट्टीला: गुडघे ताठ आहेत का, दात दाबलेत का, पोट आत ओढलंय का. फक्त बघायचं, सुटलं तर सुटलं. लघवीला बसल्यावर घाईने न उठता तीन श्वास. रात्री अंथरुणावर कुशीला वळल्यावर बरगड्यांचे आठ श्वास. दिवसाला एवढं झालं तरी पुष्कळ.

पहिल्या वर्गाआधी आणि आठव्यानंतर प्रत्येकीला स्वतःपुरती नोंद करायला सांगा: रात्री किती वेळा लघवीला उठावं लागतं, बसल्यावर माकडहाड किती वेळाने दुखू लागतं, झोप लागायला किती वेळ जातो, पाळीत किती दिवस गोळी घ्यावी लागते. ‘बरं वाटतंय का’ असं विचारलं तर सगळ्या जणी तुमच्या प्रेमाखातर हो म्हणतील. कागद त्यांच्याकडेच राहू द्या. आठ आठवड्यांत यातलं काहीच हललं नसेल तर वर्ग लांबवू नका, त्या बाईला तपासणीला पाठवा.